‘केस झाली की व्ह्यूज येतात’ असं माझा भाऊ म्हणतो

पत्र असं आहे:

ताई, नाव छापू नका प्लीज. माझा धाकटा भाऊ १७ वर्षांचा आहे, दोन वर्षं झाली रॅप करतो. स्वतः लिहितो, बीट नेटवरून घेतो, आणि बहीण म्हणून नाही सांगत, खरंच चांगलं लिहितो. आईच्या नाइट शिफ्टवर त्याने एक ट्रॅक केला होता, तो ऐकून मी रडले होते. त्याला व्ह्यूज आले साडेतीनशे. मागच्या महिन्यात त्याच्या ग्रुपची दुसऱ्या ग्रुपशी मारामारी झाली, एका मुलाच्या डोक्याला टाके पडले, पोलिसांत तक्रार गेली आणि त्यात याचंही नाव आहे. हा म्हणतो मी फक्त उभा होतो. ही बातमी पसरली आणि त्याच्या एका जुन्या ट्रॅकला आठवड्यात ४० हजार व्ह्यूज आले! आता त्याला त्याच मारामारीवर गाणं काढायचंय, समोरच्या पोरांची नावं घेऊन, आणि व्हिडिओत हातात खोटी बंदूक. त्याचा देव म्हणजे अमेरिकेतला रॅपर टे-के, जो पोलिसांपासून पळत असताना गाणं काढून स्टार झाला. म्हणतो, ‘केस हीच पब्लिसिटी, तुम्हाला कळत नाही.’ बाबांनी हेडफोन तोडले, तेव्हापासून दोघं बोलत नाहीत. मी त्याचा फोन काढून घेऊ का? की बाबांना समजावू? – त्याची ताई

अगं, आधी घाईचं सांगते. तो व्हिडिओ वर जाऊ देऊ नकोस. फोन काढून घेऊन नाही, कारण १७ वर्षांच्या मुलाला दुसरा फोन मिळायला एक तास पुरतो आणि मग तो तुझ्याशीही बोलणं बंद करेल, आणि आत्ता घरात तो फक्त तुझ्याशीच बोलतोय असं पत्रावरून वाटतं. त्याच्याशी बोलून थांबव. आणि आधी वकील गाठा, याच आठवड्यात. केस छोटी आहे, मिटेल आपोआप असं कुणी म्हणालं तरी गाठा. त्या मारामारीबद्दल त्याने आधीच काही स्टोरी, मेसेज, व्हॉइस नोट टाकली असेल तर घाबरून डिलीट करायला सांगू नकोस हं, वकिलाला दाखवा आणि त्यांना विचारूनच काय ते करा, कारण केस चालू असताना पुसलेली गोष्ट पुरावा लपवल्यासारखी दिसते आणि स्क्रीनशॉट तर लोकांकडे असतातच.

हे त्याला पटवायचं कसं, तर त्याच्याच जगातली गोष्ट सांग. चीफ कीफ त्याला माहीत असणार, शिकागोचा रॅपर. १६ वर्षांचा असताना आजीच्या घरी नजरकैदेत होता आणि तिथूनच त्याचे व्हिडिओ गाजायला लागले, मोठ्या लेबलने, म्हणजे गाणी काढणाऱ्या कंपनीने, साइन केलं. तुझा भाऊ म्हणेल, बघ, मी काय म्हणत होतो! तर पुढचं ऐकव त्याला. २०१२ मध्ये एका म्युझिक वेबसाइटसाठी त्याचा इंटरव्ह्यू शूट झाला, शूटिंग रेंजवर, म्हणजे लोक पैसे भरून नेमबाजी करतात तसल्या जागी. कुणाला मारलं नाही, कुणाला धमकी दिली नाही. पण तो प्रोबेशनवर होता, म्हणजे कोर्टाच्या अटी पाळून बाहेर राहायचं, आणि बंदूक हातात धरायची नाही ही अट होती. तोच व्हिडिओ कोर्टात पुढे आला आणि जानेवारी २०१३ मध्ये त्याला ६० दिवस आत टाकलं. तेव्हा तो १७ वर्षांचा होता, तुझ्या भावाच्याच वयाचा. प्रमोशनसाठी केलेलं शूट होतं ते.

आता टे-के. याच्यावर मला थोडं जास्त बोलायचंय, कारण ते गाणं मी स्वतः खूप ऐकलंय. २०१७ च्या त्या महिन्यांत सगळीकडे तेच होतं, जेमतेम दोन मिनिटांचं गाणं, बीट असा की मान आपोआप हलते, आणि व्हिडिओत हा पोरगा स्वतःच्याच वाँटेड पोस्टरशेजारी उभा. मलाही भारी वाटलं होतं. त्या पोस्टरवर नेमकं कशासाठी वाँटेड लिहिलंय हे मी विचारलंच नाही, कितीतरी महिने. हे सांगताना मला आजही वाईट वाटतं.

तर कशासाठी ते ऐक. टेक्सासमधल्या मॅन्सफिल्ड नावाच्या गावात जुलै २०१६ मध्ये काही पोरं चोरी करायला एका घरात घुसली आणि त्यात २१ वर्षांचा एक मुलगा गोळी लागून मेला. टे-के तेव्हा १६ वर्षांचा. त्याला घरात नजरकैदेत ठेवलं होतं, पायाला मॉनिटर लावून, कारण त्याला मोठ्या माणसासारखं कोर्टात उभं करायचं की नाही हे ठरायचं होतं. मार्च २०१७ मध्ये त्याने मॉनिटर कापला आणि पळाला. या पळण्याच्या काळातच ते ‘द रेस’ गाणं तयार झालं. पण त्याच काळात, एप्रिल २०१७ मध्ये, सॅन अँटोनियोत २३ वर्षांचा एक फोटोग्राफरही मेला आणि त्या खुनाचा गुन्हाही याच्यावर लागला. ३० जूनला न्यू जर्सीत पकडला गेला, व्हिडिओ बाहेर आला त्याच दिवशी.

इथे तुझ्या भावाला एक मिनिट थांबव. गाणं बिलबोर्ड हॉट १०० वर, म्हणजे अमेरिकेतल्या सगळ्यात गाजणाऱ्या गाण्यांच्या यादीत, ४४ नंबरपर्यंत चढलं, तेव्हा तो आत होता. त्याच्या नावाने हॅशटॅग चालले, लोक नाचत होते, आणि तो जेलमध्ये. त्या गाण्याने जे काही मिळालं असेल त्यातला एक दिवस तो मोकळेपणाने जगला नाही. जुलै २०१९ मध्ये ५५ वर्षांची शिक्षा झाली, तेव्हा वय १९. मग २०२५ च्या एप्रिलमध्ये त्या दुसऱ्या केसमध्ये ८० वर्षं. वय २४. आता तुझ्या भावाला सांग, ज्यांनी तेव्हा हॅशटॅग चालवले त्यातल्या किती जणांनी ही ८० वर्षांची बातमी वाचली असेल? मी ज्यांना ज्यांना विचारलं, गाणं माहीत असलेल्यांना, त्यातल्या एकालाही माहीत नव्हतं.

आणि दोन माणसं मेली ना गं. दोघंही तुझ्या माझ्या घरातल्यासारखी, विशीतली. गाणं सगळ्यांना पाठ आहे, त्यांची नावं कुणाला माहीत नाहीत. मी ती इथे मुद्दाम लिहीत नाही कारण त्यांच्या घरच्यांनी पुरेसं सोसलंय, पण तुझ्या भावाने ती एकदा स्वतः शोधावीत असं मला मनापासून वाटतं. बंदूक हातात घेऊन पोझ द्यायच्या आधी.

तो म्हणेल, ठीक आहे, ते खुनाचं होतं, माझं तसं काही नाही. बरोबर आहे त्याचं. मग त्याला बॉबी श्मर्डाची गोष्ट सांग, ती मला जास्त लागते. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधल्या ईस्ट फ्लॅटबुशचा पोरगा, २०१४ चा उन्हाळा, टोपी हवेत भिरकावून देतो तो व्हिडिओ तुझ्या भावाने शंभर वेळा पाहिला असेल. गाणं हॉट १०० वर ६ नंबरपर्यंत गेलं. मोठ्या लेबलचा करार झाला. आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये मॅनहॅटनमध्ये स्टुडिओपाशी अटक, गँगच्या कटाचा आणि शस्त्रांचा आरोप, बेल ठरला २० लाख डॉलर. लेबलने ते पैसे भरले नाहीत. पोरगा निकालाची वाट बघत जवळजवळ दोन वर्षं आत बसला, मग २०१६ मध्ये गुन्हा कबूल करून ७ वर्षांची शिक्षा घेतली आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये सुटला. आत गेला तेव्हा २० चा, बाहेर आला तेव्हा २६ चा. स्वागत जोरात झालं, पण तसं गाणं परत झालं नाही. कसं होणार? मधल्या सहा वर्षांत त्याच्याच ब्रुकलिनचा आवाज बदलला, नवीन पोरं आली, २०१९ मध्ये पॉप स्मोक आला, लोकांचे कान दुसरीकडे गेले. रॅपमध्ये २० ते २६ ही वर्षं म्हणजे सगळंच असतं गं, कुठल्याही रॅपरला विचार.

लेबलचं पण नीट समजावून सांग त्याला, कारण या वयात वाटतं की साइन झालं म्हणजे आता कोणीतरी पाठीशी आहे. लेबल जो ॲडव्हान्स देतं तो बक्षीस नसतो, तो तुमच्याच पुढच्या कमाईतून कापून घेतात. स्टुडिओचा खर्च कापतात, व्हिडिओचा खर्चही बहुतेक वेळा थोडाफार त्यातच जातो. माणूस आत गेला तर शो नाहीत, म्हणजे जिथून खरा पैसा हातात येतो तेच बंद, आणि इकडे वकिलाचं मीटर चालू. केस चालू असताना गाणं चाललं तर कंपनीला चालतं. तारखेला कोर्टाच्या बाकावर मात्र आईच बसलेली असते.

आता एक गोष्ट जी तुझ्या भावाच्या बाजूने आहे, आणि ती मला बाबांना सांगायचीये.

रॅपमध्ये ‘मी’ म्हणणारा माणूस म्हणजे तो गाणारा पोरगाच असतो असं नाही. आपल्याकडे शाहिरांनी लावण्या लिहिल्या, पुरुष असून बाईच्या तोंडून बोलले, विरहाच्या, शृंगाराच्या, रुसव्याच्या. कुणी शाहिराला म्हणालं नाही की तू बाई आहेस. ते पात्र असतं. रॅपर जेव्हा बंदूक, पैसा, दुश्मन म्हणतो तेव्हा बऱ्याचदा तो त्या प्रकाराची भाषा बोलत असतो, जशी लावणीची एक भाषा आहे. बाबांना वाटत असेल की पोरगा असं लिहितो म्हणजे तो तसा झाला. नाही हो बाबा, तसं नसतं, आणि तसं धरून चाललं की काय होतं याचं उदाहरण अमेरिकेतच आहे. लुइझियानात मॅक फिप्स नावाचा रॅपर होता, २००० साली एका क्लबमध्ये गोळीबार होऊन एक मुलगा मेला. मॅकवर आधीचा एकही गुन्हा नव्हता. दुसऱ्या एका माणसाने गोळी मीच झाडली अशी कबुली दिली होती, ती पोलिसांना पटली नाही. सरकारी वकिलाने मॅकच्या दोन वेगवेगळ्या गाण्यांतल्या ओळी जोडून ज्युरीला, म्हणजे दोषी की निर्दोष हे ठरवणाऱ्या साध्या नागरिकांना, ऐकवल्या. १२ पैकी १० जणांनी दोषी म्हटलं, तिथे तेव्हा तेवढं पुरायचं, आणि ३० वर्षांची शिक्षा झाली. २०२१ मध्ये पॅरोलवर सुटला. २१ वर्षं गेली त्याची. म्हणून माझं म्हणणं आहे की पोराच्या गाण्याला गुन्हा समजू नका, आणि ते हेडफोन नवीन आणून द्या. खरंच द्या. त्याने लिहायचं थांबवावं असं मला अजिबात वाटत नाही.

पण आता तुझ्या भावाने नीट ऐकावं असा मुद्दा इथेच आहे. अशा केसेस वाढल्या म्हणून काही कोर्टांनी आणि राज्यांनी गाण्याच्या बाजूने दार थोडं उघडलं. न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयासमोर २०१४ मध्ये एक केस आली होती, त्यात आरोपीच्या वहीतली १३ पानं रॅप ज्युरीला वाचून दाखवलं होतं, त्यातलं बरंचसं तर घटनेच्या कितीतरी आधी लिहिलेलं. कोर्टाने सांगितलं की हे चालणार नाही, गाण्याचे शब्द आणि प्रत्यक्ष गुन्ह्यातले तपशील यांचा ठोस संबंध असेल तरच ते ज्युरीपुढे आणायचं. कॅलिफोर्नियाने २०२२ मध्ये कायदाच केला की कलाकृती पुरावा म्हणून आणण्याआधी न्यायाधीशाने ती नीट तपासायची. म्हणजे रॅपरला वाचवणारी भिंत कुठली, तर ‘हे गाणं आहे, या घटनेशी याचा संबंध नाही’. आणि तुझा भाऊ काय करायला निघालाय? खरी मारामारी, खरी नावं, खरी जागा, वर बंदूक. ती भिंत तो स्वतःच्या हाताने पाडतोय! आज तो म्हणू शकतो की मी फक्त उभा होतो, आणि ते खरं असेल, मी धरून चालते की खरं आहे. पण गाण्यात त्याला भारी दिसायचंय ना, मग तो ‘मी फक्त उभा होतो’ असं थोडीच लिहिणार आहे? तो लिहील मी ठोकला. यमक जुळतं म्हणून लिहील. आणि मग कोर्टात ते यमक त्याला आयुष्यभर समजावत बसावं लागेल. हे कायदे तिकडचे आहेत, तुमच्या केसचं तुमचे वकील सांगतील, पण केस चालू असताना स्वतःच्या तोंडाने त्या प्रसंगाबद्दल जाहीर बोलायचं नाही हे जगातला कुठलाही वकील सांगेल.

अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात यंग थग या रॅपरवर केस झाली तेव्हा पण लिरिक्सचाच वाद झाला. मे २०२२ मध्ये आत गेला, ज्युरी निवडायलाच दहा महिने गेले, न्यायाधीशांनी काही ओळी पुराव्यात घ्यायला परवानगी दिली, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये काही गुन्हे कबूल करून सुटला तो १५ वर्षांचं प्रोबेशन गळ्यात घेऊन. एवढा मोठा स्टार, एवढे महागडे वकील, तरी अडीच वर्षं गेलीच.

प्रोबेशन म्हणजे काय हे मीक मिलला माहीत आहे. फिलाडेल्फियाचा रॅपर, १९ वर्षांचा असताना अटक झाली, आणि ती एक केस त्याच्या मागे दहा वर्षांच्या वर फिरली. शोला जायचं तर परवानगी, गाव सोडायचं तर परवानगी. मधे सुपरस्टार झाला, तरी २०१७ मध्ये अटी मोडल्या म्हणून २ ते ४ वर्षांची शिक्षा, आणि त्या मोडण्यात एक गोष्ट काय होती, तर रस्त्यावर बाइकचं चाक उचलून चालवली. पाच महिन्यांनी सुटला, २०१९ मध्ये जुना निकाल रद्द झाला तेव्हा तो ३२ चा होता. त्याने सुटल्यावर प्रोबेशनचे कायदे बदलायला संस्था काढली, त्याबद्दल मला त्याचा खूप आदर आहे. पण त्याला विचारलं असतं की ही पब्लिसिटी परत हवी का, तर तो काय म्हणाला असता याचा विचार भावाला करू दे.

तुझा भाऊ हुशार आहे, तो ड्रेकिओचं नाव काढेल. लॉस एंजेलिसचा ड्रेकिओ द रूलर, ज्याने २०२० मध्ये जेलच्या फोनवरून अख्खा अल्बम रेकॉर्ड केला, आणि तो अल्बम सुंदर आहे, मी नाही म्हणत नाही. पण खुनाच्या आरोपातून ज्युरीने २०१९ मध्येच सोडलं होतं तरी दुसऱ्या आरोपासाठी त्याला आतच ठेवलं होतं, म्हणून तो फोनवरून गात होता. नोव्हेंबर २०२० मध्ये सुटला, पुढच्या डिसेंबरमध्ये एका फेस्टिव्हलच्या बॅकस्टेजला त्याला भोसकलं, २८ व्या वर्षी गेला. तो आवाज त्याचा आधीपासूनच होता गं, जेलने दिला नव्हता. जेलने फक्त त्याच्यावर टेलिफोनची खरखर चढवली. टे-केचा कानही त्याचाच होता, बॉबीची ती एनर्जीही त्याचीच होती. केस आली आणि यातलं काही वाढलं नाही, फक्त ते वापरायला वेळ उरला नाही.

म्हणून मला वाटतं एक काम कर. त्याच्याबरोबर बस, लेक्चर न देता, आणि त्याला म्हण तुझ्या चॅनलचे आकडे उघड. ४० हजार दिसतात ते सोड, लोकांनी सरासरी किती सेकंद बघितलं ते बघा दोघं मिळून. आणि त्या ४० हजारांतल्या किती जणांनी दुसरा ट्रॅक लावला ते पण. मग तोच आकडा आईच्या ट्रॅकचा काढा. साडेतीनशेच आहेत, पण माझा अंदाज आहे की त्यातल्या बऱ्याच जणांनी शेवटपर्यंत ऐकलं असेल. अंदाज चुकला तर मला कळव, मी मान्य करेन. पण मला नाही वाटत चुकेल. भांडण बघायला आलेला माणूस भांडण दिसलं नाही की जातो, आणि त्याला थांबवायचं तर दर महिन्याला एक नवीन भांडण लागतं. १७ व्या वर्षी त्या चक्रात पोरगा अडकला तर त्याच्या लिहिण्याचं काय होईल याचीच मला जास्त काळजी वाटते, केसपेक्षाही.

अजून एक, पत्रात तू त्या टाके पडलेल्या मुलाबद्दल एकच ओळ लिहिलीयेस. मी समजू शकते, तुझं लक्ष भावाकडे आहे. पण तो कसा आहे आता? भावाला हे विचार. आत्ता थेट भेटायला किंवा मेसेज करायला पाठवू नकोस, केस चालू आहे, त्याचा वेगळा अर्थ निघू शकतो, वकिलांना विचारून घरातल्या मोठ्यांनी जावं. पण भावाच्या मनात तो प्रश्न यायला हवा. आला नसेल तर ते मला त्या खोट्या बंदुकीपेक्षा जास्त लागेल.

बाबांसाठी वेगळं पत्र लिहू का असं आधी वाटलं होतं, पण नको, तू हेच त्यांना वाचून दाखव. ते घाबरलेत गं, बाकी काही नाही. हेडफोन तोडणारे बाबा कोर्टाच्या तारखेला सगळ्यात आधी तयार होऊन बसतील बघ. त्यांना म्हण एकदा पोराचं गाणं पूर्ण ऐका, मधे न बोलता, आणि तो आईवरचा ट्रॅक लावून दे. आईलाही बोलाव तेव्हा, नाइट शिफ्ट नसेल त्या दिवशी. त्यानंतर वकिलाकडे तिघं मिळून जा.

आणि भाऊ हो म्हणाला तर तो ट्रॅक मलाही पाठव, मला ऐकायचाय.